नागझरीपासून आंबील ओढ्यापर्यंत

पुण्यास येणारा आजचा प्रवासी रेल्वे स्थानकावर उतरतो किंवा स्वारगेटास एस. टी. तून पायउतार होतो आणि पूर्वेकडून अथवा दक्षिणेकडून शहराच्या मध्यभागात शिरतो. त्यामुळे ज्या क्रमाने हे नगर वाढत गेले त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ते त्याच्या दृष्टीस पडते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहून छायाचित्र काढवून तो परततो तेव्हा पुणे पाहिल्याचे समाधान त्याच्या पदरी असते खरे. परंतु हे गाव येथेच का वसले आणि याच आकाराने का पसरले, हा प्रश्न त्याच्या मनास शिवलेलाही नसतो. ज्यास तो पडला असेल त्याने वाट वाकडी करून उत्तरेच्या अंगाने यावे, डेंगळे पुलाशी मुठा ओलांडावी, कुंभारवेशीतून कसब्यात पाऊल टाकावे आणि तेथून दक्षिणेकडे चालू लागावे. ही वाट चढणीची आहे. चढ इतका सौम्य आहे की पायांस तो जाणवत नाही, पण पाण्यास तो बरोबर कळतो, आणि पेठांच्या पुण्याचा निम्मा इतिहास पाण्यास कळलेल्या या उतारावरच उभा आहे.

दक्षिणेस कात्रजचे डोंगर आणि सिंहगडाची रांग, तेथून उत्तरेकडे उतरत आलेली काळ्या कातळाची जमीन, आणि त्या उताराच्या पायथ्याशी नैर्ऋत्येकडून येऊन ईशान्येकडे वळणारी मुठा, असा हा प्रदेश आहे. थोड्याच अंतरावर, संगमावर, मुठा मुळेस मिळते आणि दोघींचे एकत्र पाणी पुढे भीमेकडे जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवरील या उतारावरून दोन ओढे नदीकडे धावत असत: पूर्वेकडचा नागझरी आणि पश्चिमेकडचा आंबील ओढा. एका बाजूस नदी आणि दोन बाजूंस ओढे असा तिन्ही अंगांनी नैसर्गिक खंदक लाभलेला जो उंचवटा मध्ये राहिला, त्यावर जुने गाव वसले. त्याहून अधिक बंदोबस्ताची जागा या पंचक्रोशीत दुसरी नव्हती. बोरघाटातून कोकणात उतरणारी, उत्तरेस जुन्नराकडे जाणारी, कात्रजच्या घाटाने साताऱ्याकडे चढणारी आणि पूर्वेस देशावरील मोठ्या बाजारांकडे निघणारी, अशा सर्व वाटा या उताराच्या आश्रयाने एकत्र येत असत.

वस्तीची प्राचीनता सिद्ध करावयास फार दूर जावे लागत नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. 758 आणि 768 च्या ताम्रपटांत या प्रदेशाचा 'विषय' म्हणून, म्हणजे कारभाराचा एक विभाग म्हणून, नामनिर्देश आलेला आहे. नदीपलीकडे, पूर्वी भांबुर्डे म्हणत त्या आजच्या शिवाजीनगरात, सलग खडकात कोरलेले पाताळेश्वराचे लेणे आणि त्याच्यासमोरचा नंदीचा वर्तुळाकृती मंडप हेही बहुधा त्याच शतकातले काम आहे. कसब्याच्या बाजूस नदीकाठी दोन शेख सल्ल्यांचे, थोरल्याचा व धाकट्याचा, असे दोन दर्गे आहेत. तेथे पूर्वी पुण्येश्वर आणि नारायणेश्वर ही शिवालये होती अशी परंपरा पुण्यात सांगितली जाते. याच टापूत मातीचा व दगडाचा एक जुना कोट होता. त्याचा मागमूस आता राहिलेला नाही. 'जुना कोट' हा शब्द मात्र वयोवृद्धांच्या तोंडी अजूनही अधूनमधून येतो.

कसबा पेठ पाहावयाची ती सकाळी, दुकानांच्या फळ्या निघत असताना. कुंभारवेशीत कुंभारांची चाके आता थोडी उरली. बरीच मंडळी मुंढव्याकडे केशवनगरात गेली, कारण भट्टीचा धूर आणि चार मजली इमारती यांचे एकत्र नांदणे दुष्कर आहे. परंतु पणत्या, माठ आणि गणपतीच्या मूर्ती यांचा हंगामी व्यापार मात्र येथून हललेला नाही. नदीची माती, नदीचे पाणी आणि वेशीबाहेर जळणाऱ्या भट्ट्या यांचा मेळ घालून ज्या कोणी कुंभारांस नदीच्या अगदी काठावर बसविले, त्याच्या व्यवहारबुद्धीचे कौतुक वाटते. त्याच न्यायाने ज्यांच्या कामास पुष्कळ पाणी लागते ते कागदी कागदीपुऱ्यात बसविले गेले. व्यवहार आळी, शिंपी आळी, भोई आळी अशी आळ्यांची ही नामावळी म्हणजे गावाच्या बलुत्याची आणि पेशव्यांच्या कारखान्यांची एक वहीच होय.

या सर्वांत मन रमते ते तांबट आळीत. कोकणातून आलेले त्वष्टा कासार येथे पेशवाईत स्थिरावले. राज्याची चाकरी होती तोवर त्यांनी ती केली, आणि राज्य गेल्यावर घरोघरच्या बंब, घंगाळ, हंडे आणि तपेल्या यांवर त्यांचा चरितार्थ चालला. गल्लीत शिरण्यापूर्वीच ठोक्यांचा आवाज कानी येतो. एका ओसरीवजा दुकानात मी बराच वेळ बसून होतो. कारागिराने तांब्याचे एक घंगाळ, आतून लोखंडी दांड्याचा आधार देऊन, मांडीशी तिरपे धरले होते. चिंचेच्या पाण्याने घासल्यामुळे त्याचा रंग गुलाबीकडे झुकलेला होता. तळापासून आरंभ करून तो एकेक ठोका शेजारच्या ठोक्यास लागून, पण त्यावर न चढता, असा टाकीत होता. एक वर्तुळ पुरे झाले की भांडे तसूभर खाली ओढून दुसरे वर्तुळ सुरू करावयाचे. यास मठारकाम म्हणतात. मठारल्याने पत्रा कठीण होतो, भांड्यास बळकटी येते, आणि प्रत्येक ठोक्याची सपाट टिकली निराळ्या कोनातून उजेड परतवीत असल्याने सबंध भांडे लखलखू लागते. हात चुकतो तो कोठे, असे मी विचारले. तेव्हा त्याने काम न थांबविता, चुकतो तो कानाने कळतो, आवाज बसका येतो, एवढेच उत्तर दिले. या भांड्यांची गिऱ्हाइके आता मोठाली हॉटेले आणि घर सजविणारी मंडळी. ज्या स्नानगृहात पाणी नळातून तापूनच येते तेथे घंगाळास शोभेपलीकडे काम कसले?

आळ्यांतून वाट काढीत आपण कसबा गणपतीपाशी पोहोचतो. शेंदराच्या पुटांखाली मूळ मूर्तीचा आकार हरवलेले हे पुण्याचे ग्रामदैवत. शहराचा पहिला मानाचा गणपती तो हाच, आणि दुसरा मान ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरीचा. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत कोण पुढे आणि कोण मागे याविषयीचा जो काटेकोरपणा पुण्यात पाळला जातो, तो पाहिला म्हणजे दरबारातील मानापानाची परंपरा या गावातून पुरती गेलेली नाही अशी खात्री पटते. गणपतीची स्थापना जिजाबाईंनी केली अशी श्रद्धा आहे. तिच्या मागे एक भीषण प्रसंग उभा आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतील हे गाव 1630 च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने जाळून बेचिराख केले, गाढवांचा नांगर फिरविला आणि येथे पुन्हा कोणी वसू नये म्हणून भर वस्तीत पहार ठोकली. उजाड झालेल्या त्या गावात काही वर्षांनी जिजाबाई बालशिवाजीस घेऊन राहावयास आल्या, पडीक जमिनीत सोन्याच्या फाळाचा नांगर फिरविला गेला, रयतेस कौल देऊन बोलावून आणले गेले, असे बखरी आणि लोककथा सांगतात. फाळ सोन्याचा होता की नाही याची चिकित्सा मला निरर्थक वाटते. ओस गावात वस्ती परतविणे हे काम शस्त्राने होत नाही, त्यास वसुलीची सूट आणि शब्दाचा भरवसा लागतो, हे त्या कथेतील सत्य कोणत्याही दफ्तरात सापडेल.

लाल महाल आज आपणांस दिसतो तो महापालिकेने 1980 च्या दशकात उभारलेला आहे. मूळ वास्तूचा एक दगडही त्यात शोधू नये. शाइस्तेखान तेथे तळ देऊन बसला असता 5 एप्रिल 1663 च्या रात्री महाराजांनी मोजक्या माणसांनिशी आत शिरून त्याची बोटे छाटली, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. तिची उजळणी करीत नाही. प्रवाशाने ध्यानी घ्यावयाचे ते एवढेच की त्या वेळचे पुणे म्हणजे जवळजवळ हा कसबाच होता. आपण नदीपासून येथवर जेवढे चाललो, तेवढेच ते नगर.

कसब्याच्या पूर्वेस नागझरी. आज तिला पाहून नाकास पदर लावणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण ओढ्याचा तिचा अधिकार कधीच गेला आणि गटाराची चाकरी मात्र तिच्या वाट्यास आली. तरीही तिच्यावरील लहानसा पूल ओलांडताना आपण एक जुनी शीव ओलांडीत आहोत याचे भान असावे. पलीकडे मंगळवार, सोमवार आणि रास्ता पेठ. अलीकडे कसबा आणि रविवार. सोमवारात, नागझरीच्या अगदी कडेस, त्रिशुंड गणपतीचे काळ्या दगडाचे देऊळ आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर भीमगीर गोसाव्याने ते बांधावयास घेतले. तीन सोंडांच्या मयूरारूढ गणपतीपेक्षाही त्याचे दर्शनी शिल्प अधिक पाहण्यासारखे आहे: द्वारपाल, हत्ती, आणि साखळदंडाने गेंड्यास बांधणारा बंदूकधारी गोरा शिपाई! इंग्रजांचे राज्य पुण्यात यावयास अर्धशतकाहून अधिक अवकाश असता एका गोसाव्याच्या पाथरवटाने हा विषय का निवडला असेल याविषयी विद्वानांनी अनेक तर्क लढविले आहेत. मला त्यांत पाथरवटाची थट्टेखोर नजर अधिक दिसते. देवळाच्या दारावर गाभाऱ्याच्या गांभीर्याची सक्ती थोडीच असते?

आता पेठांविषयी. वारांची नावे जुनी दिसत असली तरी ती बहुतेक पेशवाईतली. त्यांच्याखाली आणखी एक मुसलमानी अमदानीचा थर आहे. मंगळवारचे नाव अष्टापुरा, सोमवारचे शहापुरा, रविवारचे मलकापुरा, शनिवारचे मुर्तजाबाद, शुक्रवारचे विसापूर असे असे. बुधवार ही तर औरंगजेबाने अठराव्या शतकाच्या आरंभी, आपल्या पुण्याच्या मुक्कामात, येथे वारलेल्या नातवाच्या नावावरून मुहियाबाद म्हणून वसविलेली पेठ होय. एखादी पेठ नव्याने वसवावयाची म्हणजे काय करीत, हे पाहण्यासारखे आहे. कोणी मातबर गृहस्थ किंवा सावकार सरकारात अर्ज करी. सरकार त्यास कौलनामा देई. पेठेत येऊन घर बांधणाऱ्या उदम्यास काही वर्षे जकात आणि मोहतर्फा माफ होई. आणि पेठ भरभराटीस आणल्याबद्दल तिचे शेटेपण त्या गृहस्थास वतन म्हणून मिळे. मुदत सरली की वसूल सुरू. म्हणजे पुण्याची वाढ ही केवळ पेशव्यांच्या इच्छेने झाली नाही. ती बाजारपेठेच्या हिशेबाने, करमाफीच्या आमिषाने आणि खाजगी भांडवलाने झाली. सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव, नारायणरावांच्या नावाने नारायण, घोडदळाच्या सरदार आनंदराव रास्त्यांच्या नावाने रास्ता, नाना फडणविसांच्या नावाने नाना, अशी ही मालिका अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. निजामअलीने 1763 मध्ये शहर लुटून जाळले, तरी वाढ थांबली नाही.

शनिवारवाड्याविषयी मी थोडक्यात आटोपते घेणार आहे, आणि पुणेकर वाचकांनी त्याबद्दल क्षमा करावी. पहिल्या बाजीरावाने 10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, पायाभरणी केली आणि 22 जानेवारी 1732 रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. खर्च 16,110 रुपये. लाकूड जुन्नरच्या रानांतून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीकडून आला. आतील महाल 1828 च्या आगीत भस्मसात झाले, ते असे की त्यानंतर पाहावयास जोती, कारंज्यांचे हौद आणि तटबंदी एवढेच उरले. तट मात्र निरखून पाहावा: खालचा भाग घडीव दगडाचा, वरचा विटांचा. 1773 मध्ये नारायणरावाचा खून आणि 1795 मध्ये सवाई माधवरावाचा अंत या दोन्ही घटना येथल्याच. 17 नोव्हेंबर 1817 रोजी बाळाजीपंत नातूने याच वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढविले. या तिन्ही प्रसंगांवर पुष्कळ अश्रू आणि शाई खर्ची पडलेली आहे. वाड्यासमोरच्या पटांगणाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. इंग्रजी अंमलात तेथे भाजीबाजार भरत असे, आणि जेथे बटाट्याचे ढीग पडत तेथल्या मारुतीस बटाट्या मारुती असे जे नाव पडले ते अद्याप कायम आहे. डुल्या, जिलब्या, पत्र्या, सोन्या आणि उंटाड्या अशा मारुतींच्या, व पासोड्या नि खुन्या अशा विठोबा-मुरलीधरांच्या या गावात देवांस टोपणनावे देण्याचा अधिकार रयतेने आपल्याकडे राखून ठेवला आहे, आणि ही गोष्ट मला वाड्यापेक्षा अधिक पुणेरी वाटते.

वाड्यापासून दक्षिणेकडे चढू लागलो म्हणजे आपल्या मूळ विषयाकडे, पाण्याकडे, परत येता येते. आंबील ओढा पूर्वी आज आपण ज्यावरून चाललो आहो त्याच भागातून, कसबा आणि शनिवार यांच्या मधून, नदीस मिळत असे. त्याचे पावसाळ्यातील लोंढे आणि उन्हाळ्यातील डबकी ही दोन्ही वाढत्या शहरास अडचणीची होऊ लागली, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून ओढ्यास पश्चिमेकडे वळविले. तो आता लकडी पुलाच्या वरच्या अंगास मुठेस मिळतो. बांधाने पर्वतीचे तळे झाले, आणि सुटलेल्या जुन्या पात्रावर व त्याच्या काठांवर शुक्रवार, सदाशिव या पेठांना पसरावयास जागा मिळाली. एका ओढ्याची वाट बदलली आणि निम्म्या शहराचा नकाशा बदलला. एवढ्या मोठ्या कामाचा निर्देश करणारी एखादी पाटी शनिपाराच्या परिसरात असावी अशी माझी समजूत होती. पाट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात ती आढळली नाही.

त्याच पेशव्याच्या कारकिर्दीत दुसरे काम झाले ते कात्रजच्या नळाचे. डोंगराच्या कुशीत तलाव बांधून त्याचे पाणी जमिनीखालच्या दगडी बंदिस्त नळातून शहरात आणले. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा तो नळ प्रशस्त आहे. हवेसाठी आणि दाब मोकळा होण्यासाठी मध्ये मध्ये जी धुराड्यांसारखी बांधकामे आहेत त्यांस उच्छ्वास म्हणतात. या सबंध योजनेत पाणी वर खेचणारे एकही यंत्र नाही. आरंभी सांगितलेल्या त्या न जाणवणाऱ्या उतारानेच सर्व काम केले. पाणी शनिवारवाड्यात गेले, सरदारांच्या वाड्यांत गेले आणि चव्हाट्यांवरील हौदांत गेले: काळा हौद, फडके हौद, बदामी हौद, साततोटी हौद. हौद म्हणजे पेठेचे मध्यवर्ती ठाणे. पाणी भरावयास येणाऱ्यांच्या तोंडून बातमी पसरे, तेथेच भांडणे होत आणि तेथेच ती मिटत; पुढे म्युनिसिपालिटीच्या नळाने हौद कोरडे पडले, पण चौकांना त्यांची नावे राहिली.

मात्र हौद 'सार्वजनिक' होते या शब्दाने फसू नये. ज्या जातीस त्यावर येण्यास मज्जाव होता तिच्या दृष्टीने कात्रजचे पाणी कात्रजलाच राहिले असते तरी फरक पडला नसता. नागझरीच्या पलीकडे, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर जोखावे. पुढे डॉ. विश्राम रामजी घोले यांनी बुधवारात आपल्या अकाली निवर्तलेल्या कन्येच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधून तो सर्व जातींस मोकळा ठेवला. शहराच्या उताराने पाण्याची वाट ठरविली होती. त्यावर कोणी हात बुडवावा हे मात्र उताराने ठरविलेले नव्हते. पेठांची रचनाही त्याच रीतीची आहे. सदाशिव, नारायण, शनिवार या पश्चिमेच्या पेठा विशेषेकरून ब्राह्मणांच्या. कसबा आणि रविवार कारागिरांच्या व उदम्यांच्या. आणि ज्यांस गावकुसाशी ठेवावयाचे ते बव्हंशी नागझरीपलीकडे.

बुधवारात शिरलो की कारभारी पुणे लागते. फरासखाना, म्हणजे पेशव्यांचे तंबू-राहुट्या आणि बिछायती ठेवण्याचे ठिकाण, याच्या जागी पोलिसांचे ठाणे आहे आणि त्याने आपले फारसी नाव टाकलेले नाही. कोतवालाची चावडीही याच भागात होती. कोतवालाकडे केवळ चोर धरण्याचे काम नव्हते. बाजारातील वजने-मापे, घरांच्या खरेदीखतांची नोंद, परगावाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिपणे, रस्त्यांची सफाई, हे सर्व त्याच्या दफ्तरात येई, आणि रात्रीची तोफ झाल्यावर परवान्यावाचून रस्त्यावर सापडणाऱ्याची रात्र चावडीवर जाई. अधिकार एवढा मोठा आणि जाब विचारणारा एकच, तोही नाना फडणवीस, म्हणजे त्यातून घाशीराम कोतवाल निपजावा यात नवल नाही. 1791 मध्ये कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले तेव्हा शहर खवळले आणि घाशीरामास दगडांनी ठेचून मारण्यात आले.

येथून हाकेच्या अंतरावर भिड्यांचा वाडा होता. 1848 च्या प्रारंभी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती येथे. मोडकळीस आलेली ती वास्तू, वर्षानुवर्षांच्या कज्ज्यानंतर, 2023 च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडण्यात आली. थोडे पुढे अप्पा बळवंत चौक: पानिपतच्या मोहिमेत पडलेल्या बळवंतराव मेहेंदळ्यांच्या पुत्राचे नाव. आज ते नाव उच्चारले की पुस्तकांची दुकाने आणि जून महिन्यात पाठ्यपुस्तकांच्या याद्या हाती घेतलेले पालक डोळ्यांपुढे येतात. पेशव्यांच्या सरदाराची आठवण कोणास होत नाही, आणि नामांतराशिवाय झालेले हे कायापालट मला आवडतात.

तुळशीबाग आणि मंडई या दोहोंचा गलका ऐकतच शुक्रवारात पोहोचावे. नारो आप्पाजी खिऱ्यांनी बांधविलेल्या राममंदिराच्या आवारापर्यंत बांगड्या, पितळी भातुकली आणि केसांच्या पिना यांचा बाजार भिडला आहे, आणि गर्दीतून वाट काढता काढता दर्शन राहूनच जाते. मंडईची अष्टकोनी इमारत 1886 मध्ये उघडली. गव्हर्नराच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत, आणि शनिवारवाड्यासमोरचा बाजार येथे हलविला गेला. गरिबांच्या पेठांत दिवे, पाणी आणि शाळा नसता असल्या डामडौलावर पैसा का खर्चावा, असा विरोध ज्या गृहस्थाने केला होता, त्यांचेच, म्हणजे महात्मा फुल्यांचे, नाव पुढे या मंडईस देण्यात आले! तक्रारीची ही दाद म्हणावी की परतफेड, हे ज्याचे त्याने ठरवावे. इमारत मात्र उत्तम आहे. मध्यावरील मनोरा, त्यापासून आठ दिशांस फुटलेले पाखे, आणि उंच छतातून गाळ्यांवर पडणारा उजेड. वांग्याच्या ढिगामागे उंच बैठकीवर बसलेली माळीण गिऱ्हाइकाकडे जी नजर टाकते, ती त्या बैठकीच्या उंचीस शोभून दिसते.

या सबंध वाटेवर जुने वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उठत आहेत. नदीकाठच्या वाड्यांचा मोठा भाग एका दिवसात गेला: 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यामागोमाग खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी शनिवार, नारायण, कसबा यांच्या सखल भागांत शिरले. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. उरलेले पडत आहेत ते पाण्याने नव्हे; वाटण्या, जुनी भाडी आणि वाढीव चटईक्षेत्र यांनी पडत आहेत. कसब्यात अर्धवट पाडलेला एक वाडा मला दिसला. कापलेल्या भिंतीत त्याची सर्व रचना उघडी पडली होती: खाली दगडी तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, त्यावर मातीचा जाड थर. घराचा भार भिंतींनी घेतलेला नव्हता. सर्व ओझे लाकडी सांगाड्यावर होते आणि भिंती नुसत्या आडोशास. त्यामुळे मजुरांनी भिंती उतरविल्या तरी सांगाडा जसाच्या तसा उभा होता, आणि मुकादम खांबांचे मोल सागाच्या घनफुटांत करीत होता.

पेठांच्या पोटातून आता भुयारी मेट्रो धावते. 2024 च्या सप्टेंबरात स्वारगेटपर्यंतचा टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही नावे स्थानकांच्या पाट्यांवर चढली. पादचाऱ्याने मात्र मंडईपासून सारसबागेपर्यंत पायीच जावे. पर्वतीचे तळे आटले आणि त्याची बाग झाली. सवाई माधवरावांच्या काळी बेटावर स्थापलेला तळ्यातला गणपती आता हिरवळीने वेढला आहे. तेथून दांडेकर पुलाशी गेले म्हणजे वळविलेला आंबील ओढा भेटतो. एरवी त्यात पाहण्यासारखे काही नाही: दोन बाजूंस दाटलेल्या वस्त्या, मध्ये काळ्या पाण्याची रेघ. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या बाजूस अतोनात पाऊस झाला, आणि कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा सबंध काठ या ओढ्याने धुऊन काढला; भिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या, अनेकांचे प्राण गेले. पाणी आले ते पेशव्यांनी आखून दिलेल्या वाटेनेच. वाटेत घरे नंतरच्या लोकांनी बांधली होती. त्यानंतर महापालिकेने ओढ्याच्या सीमाभिंतींचे काम हाती घेतले, पात्र सरळ करण्याच्या योजनेवरून कोर्टकज्जे झाले, काठावरच्या झोपड्या हटविताना गलबला उडाला. आणि ओढ्याचे खरे पात्र कोणते हे ठरविण्यासाठी जुने नकाशे पुन्हा उघडावे लागले.